बाबांच्या विंडोज पार्टिशनमधले फोटो लिनक्समधून काढतोय – प्रकल्प नोंदी

13 ऑक्टोबर 2024, रविवार, सातारा

काल दसऱ्याला घरी आलो. सोनं वाटून झाल्यावर बाबा म्हणाले लॅपटॉप जरा बघ रे, महिना झाला चालूच होत नाहीये. झालं असं की विंडोज 10 चं अपडेट चालू होतं आणि मधेच लाईट गेली, लॅपटॉपची बॅटरी दोन वर्षांपूर्वीच गेलेली, नुसत्या चार्जरवर चालतो, त्यामुळे मशीन एकदम बंद. तेव्हापासून ऑटोमॅटिक रिपेअर, गोल गोल फिरणं, निळा स्क्रीन, परत तेच. बाबा एका दुकानात घेऊन गेले होते, तिथे म्हणाले फॉरमॅट मारून देतो, डेटाचं काही सांगता येत नाही. बाबांनी लॅपटॉप तसाच परत आणला, आणि हे त्यांनी फार मोठं काम केलंय.

कारण त्यात आजी आहे. 2009 ला बाबांनी पहिला डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हापासूनचे सगळे फोटो ह्याच डिस्कवर, आजीचं सहस्रचंद्रदर्शन, कऱ्हाडचं तिचं माहेर, ताईचं लग्न, गावची जत्रा, सगळं. आजी गेल्या वर्षी गेली. भाऊबीजेला आत्या येणार, तिला आजीच्या फोटोंचा अल्बम द्यायचा असं बाबांच्या मनात आहे. दुसरी कॉपी कुठेही नाही, मी तीनदा विचारलं.

बाबांना एवढंच सांगितलं की विंडोज चालू होत नाही म्हणजे फोटो गेले असं नाही, घराचं दार अडकलंय, सामान आतच असणार. आपण दुसऱ्या दाराने, म्हणजे लिनक्समधून (विंडोजसारखीच दुसरी सिस्टीम) आत जाऊ.

आणि स्वतःसाठी एक नियम आधीच लिहून ठेवतो: फोटो बाहेर येऊन तपासून होईपर्यंत ह्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही. विंडोज रिपेअर करायचं नाही, चेकडिस्क चालवायचं नाही, "रीसेट धिस पीसी"ला तर हातही लावायचा नाही. चेकडिस्क फाईलसिस्टीम (कुठली फाईल कुठे ह्याची डिस्कवरची मांडणी) नीट करताना डिस्कवर लिहितो, तुटलेल्या नोंदी काढून टाकतो, त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे पण मला फाईलसिस्टीम नको आहे, फोटो हवेत. लॅपटॉप उद्या पुण्याला नेतोय.

14 ऑक्टोबर, पुणे

माझ्या मशीनवर मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) आहेच, त्यातल्या यूएसबी इमेज रायटरने 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटचीच लाइव्ह इमेज टाकली. टाकण्याआधी चेकसम (फाईल धड उतरलीय का ते सांगणारा आकडा) जुळवून बघितला. बाकी आज काही नाही, ऑफिस.

16 ऑक्टोबर, कोजागिरी

दूध आटेपर्यंत सुरुवात केली. बाबांचा लॅपटॉप एफ12 दाबून पेनड्राइव्हवरून चालू केला, इन्स्टॉल न करता "ट्राय"वर. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड) दिलं आणि डिस्क दिसली, खरं सांगतो तिथेच निम्मा जीव भांड्यात पडला. काही नवीन लॅपटॉपमध्ये इंटेलचं रेड किंवा व्हीएमडी (डिस्क हाताळायच्या खास पद्धती) चालू असतं तेव्हा लिनक्सला डिस्क कधीकधी दिसत नाही, बायोसमध्ये जाऊन बघावं लागतं, इथे साधी साटा हार्डडिस्क आहे त्यामुळे तो प्रश्न नाही.

डिस्क 1 टीबीची, दिसते 931 जीबी (विकणारे हजाराने मोजतात, कॉम्प्युटर 1024 ने, कुठे काही गेलेलं नाही). सुरुवातीला 100 एमबीचं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग), मग 16 एमबीचं रिझर्व्हड, मग सी साधारण 200 जीबी, मग डी 730. लिनक्सला सी डी माहीत नाही, त्याच्यासाठी ते एसडीए3 आणि एसडीए4. कोणतं कोणतं हे साईजवरून ओळखायचं, आणि कमांड देण्याआधी प्रत्येक वेळी नव्याने बघायचं, कारण पेनड्राइव्ह कधी एसडीए होतो कधी एसडीबी.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) आहे का ते पण बघितलं. असतं तर टाईपच्या जागी एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाईलसिस्टीम) ऐवजी बिटलॉकर आलं असतं आणि 48 आकडी रिकव्हरी की लागली असती. ती असेल तर लिनक्सचं क्रिप्टसेटअप 2020 पासून बिटलॉकर उघडतं, की नसेल तर मात्र काहीच करता येत नाही. आपल्याकडे नाहीये, साधं एनटीएफएस आहे.

घड्याळ साडेपाच तास पुढे दाखवत होतं. ह्याने घाबरायचं कारण नाही, विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स तीच वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजून त्यात अजून 5:30 मिळवतं. पण फाईलच्या तारखा बघताना हे डोक्यात ठेवायला हवं म्हणून लिहून ठेवतोय.

मग चूक केली. फाईल मॅनेजरमध्ये डी वर डबल क्लिक केलं. क्लिकने माउंट होतं (पार्टिशन वापरायला जोडलं जातं) ते रीड-राइट, म्हणजे वाचायला आणि लिहायलाही, होतं, म्हणजे माझा नियम तिथेच मोडला असता. नशिबाने उघडलंच नाही, "राँग एफएस टाईप, बॅड सुपरब्लॉक" असा एरर आला. हा एरर वाचून माणसाला वाटतं पार्टिशन संपलं, आणि तिथेच लोक फॉरमॅट मारतात. खरं कारण डीमेसेजमध्ये (सिस्टीमच्या आतल्या नोंदींमध्ये) होतं, व्हॉल्यूम डर्टी आहे आणि फोर्स दिलेलं नाही. मशीन अचानक बंद पडलं की विंडोजने पार्टिशनवर लावलेली खूण तशीच राहते, मी अजून काम करत होतो अशी. लिनक्सचा ड्रायव्हर ती खूण बघतो आणि लिहायला नकार देतो. म्हणजे तो एरर आपल्या बाजूचाच आहे.

इथे एनटीएफएस वाचणारे दोन ड्रायव्हर आहेत हे समजून घेतलं की गोंधळ कमी होतो. जुना एनटीएफएस-3जी, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर फ्यूज नावाच्या सोयीवर चालतो. नवीन एनटीएफएस3, पॅरागॉनने लिहून दिलेला, 2021 मध्ये कर्नल 5.15 मध्ये आला. डर्टी पार्टिशन रीड-राइट मागितलं तर नवीन सरळ नाही म्हणतो. जुना, विंडोज हायबरनेट झालेलं (चालू काम डिस्कवर जपून झोपलेलं) असेल तर, सांगतो की पार्टिशन असुरक्षित स्थितीत आहे, मी फक्त वाचायला उघडतो. विंडोज 8 पासूनच्या फास्ट स्टार्टअपमुळे साधं शटडाउन केलं तरी आतून अर्धं हायबरनेटच होतं, त्यामुळे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांना हा मेसेज नेहमी दिसतो. ह्यावर सगळीकडे उपाय सांगतात एनटीएफएसफिक्स चालवा, नाहीतर हायबरनेशनची फाईल उडवा. दोन्ही डिस्कवर लिहितात. मला वाचायचंच आहे, तर आरओ (रीड-ओन्ली, फक्त वाचायला) लावून माउंट करायचं, कोणताच ड्रायव्हर अडवत नाही.

पण माउंट केलं नाही. आधी स्मार्टसीटीएल चालवलं, डिस्कची तब्येत बघायला, आणि करंट पेंडिंग सेक्टर समोर 24 आकडा होता. म्हणजे 24 सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे) असे की डिस्कला ते धड वाचता आले नाहीत. लॅपटॉप लगेच बंद केला. दूध पिताना सगळं लक्ष तिकडेच.

17 ऑक्टोबर

ठरवलं. फोल्डर उघडून कॉपी-पेस्ट करायचं नाही. डिस्क आजारी आहे, फाईल मॅनेजर खराब जागेवर अडकून पुन्हा पुन्हा तेच वाचत बसतो आणि आजारी डिस्कला तेच सगळ्यात वाईट. आधी आख्ख्या डिस्कची जशीच्या तशी इमेज काढायची, जीएनयू डीडीरेस्क्यूने, मग जे काय शोधायचं ते इमेजमध्ये. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतो, खराब भाग सोडून पुढे जातो, शेवटी परत येऊन त्या भागांवर थोडं थोडं करून प्रयत्न करतो. आणि मॅपफाईल ठेवतो, त्यात काय झालं काय राहिलं ह्याची नोंद असते, त्यामुळे मधे बंद पडलं तरी तिथूनच पुढे. लाईट जाणाऱ्या घरात ह्या मॅपफाईलला सोन्याची किंमत आहे.

2 टीबीची एक्स्टर्नल घेतली. फॅट32 करून चालणार नाही, त्यात एक फाईल 4 जीबीच्या वर जात नाही. एक्सटी4 लिनक्सला सगळ्यात सोयीचं, पण विचार केला की ही डिस्क उद्या बाबांकडे जाणार, ते विंडोजला लावणार, विंडोजला एक्सटी4 ओळखता येत नाही आणि ते विचारतं की डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची आहे का, आणि बाबा हो म्हणतील. म्हणून एक्सफॅट, दोन्हीकडे चालतं.

19 ऑक्टोबर, शनिवार

मित्राकडून यूपीएस आणला, कारण बॅटरी नाही. लॅपटॉप टेबलावर सपाट, खाली दोन पुस्तकं लावून हवा जाईल असं ठेवलं, बाजूला पंखा. सकाळी 9 ला डीडीरेस्क्यू चालू. सोर्स आणि डेस्टिनेशन तीन वेळा वाचलं, बायकोला पण मोठ्याने वाचून दाखवलं, कारण इथे उलटं झालं तर रिकाम्या डिस्कची कॉपी आजीच्या फोटोंवर बसेल.

सेकंदाला 80-90 एमबीचा वेग, पुढे आतल्या ट्रॅककडे गेला तसा कमी. दुपारी अडीचपर्यंत 99 टक्क्यांच्या पुढे. मग खराब जागा आल्या, वेग एकदम शून्यावर, डिस्कमधून टक टक आवाज. त्या आवाजात बसवत नाही. उठून बाहेर गेलो.

20 ऑक्टोबर

रात्रभर चालला. सकाळी आकडा: 12 केबी वाचता आलं नाही. 931 जीबी मधलं 12 केबी. 24 सेक्टर गुणिले 512 बाइट, बरोबर तेवढंच. आतून ही डिस्क 4 केबीचे सेक्टर वापरते, म्हणजे खऱ्या तीन जागा.

बाबांना फोन केला. "म्हणजे मिळाले का?" म्हणाले. म्हटलं अजून बघितलं नाही, पण आता डिस्क मेली तरी चालेल.

लॅपटॉपमधून हार्डडिस्क काढून ठेवली. आता तिला हात नाही.

22 ऑक्टोबर, मंगळवार

आता माझ्या मशीनवर इमेज. लोसेटअपला (इमेज फाईल डिस्कसारखी जोडणारी कमांड) रीड-ओन्ली आणि पार्टिशन स्कॅन दोन्ही सांगितलं की इमेजच्या आतली पार्टिशन वेगवेगळी दिसतात, मग डी वालं आरओने माउंट. उघडलं. "फोटो" नावाचा फोल्डर, आत वर्षावार, 2009, 2010, सगळी. पहिलाच फोटो उघडला तो आजी अंगणात गहू निवडतेय. बराच वेळ पुढे काही केलंच नाही.

मग आरसिंकने (कॉपी करायची कमांड) कॉपी, तारखा जशाच्या तशा ठेवून. 96 जीबी, व्हिडिओ धरून.

एक मजेशीर गोष्ट. 2011 मध्ये दोन फोल्डर, दोघांचं नाव अक्षरशः एकच, कऱ्हाड आणि कर्‍हाड. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर असूच शकत नाहीत. कोड काढून बघितला तर एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, मग हलंत, मग ह. दुसऱ्यात साधा र, हलंत, आणि मधे झिरो विड्थ जॉइनर, जो डोळ्यांना दिसतच नाही. मराठीत अर्धा ऱ असा दोन प्रकारे टाईप होतो, वेगळा कीबोर्ड वेगळी पद्धत, दिसायला सारखंच. एनटीएफएस नाव यूटीएफ-16 (अक्षरांचे कोड साठवायची एक पद्धत) मध्ये ठेवतं, जसं टाईप केलं तसंच, दोन्ही वेगळी नावं. एक बाबांनी टाईप केलेला, एक बहुतेक ताईने. हे महत्त्वाचं अशासाठी की मी सर्चमध्ये कऱ्हाड टाकलं तेव्हा एकच फोल्डर आला होता, दुसऱ्यातले 140 फोटो सुटलेच असते. वाऱ्या, दऱ्या, सुऱ्या, तुमच्याकडे असं कुठलं नाव असेल तर सर्चवर विसंबू नका, यादी डोळ्यांनी बघा.

24 ऑक्टोबर

सहस्रचंद्रदर्शन सापडत नाही. 2014 चा फोल्डर आहे, आत रिकामा. बाकी 2014 चं सगळं आहे, हेच नाही. बाबांना विचारलं, म्हणाले ते फोटोग्राफरच्या सीडीवर पण आहेत ना, म्हणून मधे जागा करायला मी काढले असतील. सीडी आईने कपाटातून काढून बघितली, ती कुठल्याच ड्राइव्हवर वाचत नाहीये.

रात्री पुन्हा डी उघडलं, ह्यावेळी लपलेल्या फाईल दाखव म्हटलं. विंडोजमध्ये रिसायकल बिन डेस्कटॉपवर एकच दिसतो पण खरं तर प्रत्येक पार्टिशनच्या मुळाशी त्याचा एक लपलेला फोल्डर असतो, आत प्रत्येक यूजरसाठी एस-1-5-21 ने सुरू होणाऱ्या लांबलचक नावाचा फोल्डर. विंडोजमध्ये तो साध्या डोळ्यांना दिसत नाही, लिनक्सला तो कुठल्याही फोल्डरसारखा एक फोल्डर. उघडला. आत जोड्या जोड्या. फाईल डिलीट केली की विंडोज तिचं नाव बदलतं, डॉलर, मग आर, मग सहा कुठलीही अक्षरं, पुढे मूळ एक्स्टेंशन. आणि तीच सहा अक्षरं घेऊन डॉलर आय वाली दुसरी छोटी फाईल करतं, त्यात मूळ नाव, मूळ जागा, साईज आणि डिलीट केल्याची वेळ.

61 जोड्या जेपेगच्या. पहिली उघडली, आजी पाटावर, हिरवी पैठणी, समोर 81 दिवे.

बाबांनी डिलीट केलं आणि बिन कधीच रिकामा केला नाही. फॉरमॅट झालं असतं तर हे कुणाला कळलंसुद्धा नसतं की होतं.

नावं परत लावायला पायथॉनची दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. विंडोज 10 च्या डॉलर आय फाईलमध्ये पहिले 28 बाइट सोडले की पुढे मूळ पाथ यूटीएफ-16 मध्ये असतो. वेळ आठ बाइटमध्ये, 1 जानेवारी 1601 पासूनचे 100 नॅनोसेकंद मोजून. 61 पैकी 61 फोटोंना मूळ नाव मिळालं. रात्री दीड वाजता बाबांना मेसेज केला, ते जागेच होते.

26 ऑक्टोबर, शनिवार

सी पार्टिशन. यूजरच्या फोल्डरमधलं पिक्चर्स वनड्राइव्हमध्ये गेलेलं आहे, फोनमधले 2022 नंतरचे फोटो तिथे. तिथलं काही उघडत नाही, तुटलेल्या लिंकसारखं दिसतं आणि पुढे "अनसपोर्टेड रिपार्स टॅग". हे बिघडलेलं नाही. वनड्राइव्ह जागा वाचवायला फाईल क्लाउडवर ठेवतं आणि डिस्कवर नुसतं नाव आणि खूण, विंडोजमध्ये क्लिक केलं की तेव्हा खाली येते. म्हणजे ह्या पार्टिशनमध्ये ते फोटो मुळात असतीलच असं नाही, कितीही रिकव्हरी केली तरी नाही. हे फोटो बाबांच्या अकाउंटमधून ब्राउझरने उतरवले, ओटीपी बाबांनी फोनवर वाचून दाखवला. आजीचे शेवटच्या वर्षातले सगळे ह्यातच होते.

28 ऑक्टोबर, वसुबारस

दोन कामं.

पहिलं, ते 12 केबी कुणाचे. डीडीरेस्क्यूमध्ये फिल मोड आहे, मॅपफाईलप्रमाणे इमेजमधल्या फक्त न वाचलेल्या जागा तुमच्या मजकुराने भरतो. माउंट काढलं, त्या जागांवर एक ओळखू येईल असा शब्द भरला, परत माउंट करून सगळ्या फाईलमध्ये ग्रेपने (मजकूर शोधणारी कमांड) तो शब्द शोधला. तीन जागांपैकी एक कुठल्याच फाईलमध्ये नाही, एक जत्रेच्या व्हिडिओमध्ये, तो क्षणभर अडकतो आणि पुढे नीट चालतो. आणि एक 2011 च्या फोटोमध्ये, कऱ्हाडच्या वाड्याच्या दारात आजी आणि तिच्या दोन बहिणी. जेपेगमध्ये एकदा डेटा तुटला की बहुतेक वेळा खालचा सगळा भाग जातो, त्यामुळे तिघींचे चेहरे आहेत, खांद्यापासून खाली सगळं राखाडी.

दुसरं, तारखा. फाईलची तारीख धरायची नाही, जुन्या कॉम्प्युटरवरून कॉपी करताना ती कधीच बदललीय. एक्झिफटूलने फोटो काढल्याची मूळ तारीख (कॅमेरा फोटोतच एक्झिफ नावाने लिहितो ती) वाचून लावलं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोत एक्झिफ राहत नाही, तिथे नावातच आलेली तारीख असते, 20170412 अशी, तिच्यावर काम चालवलं. कॅमेऱ्याचं घड्याळ रिसेट झालेले काही आहेत, सगळे 1 जानेवारीचे, ते आईला समोर बसवून विचारणार. साडी बघून ती वर्ष सांगते.

कॉपी तीन झाल्या: एक्स्टर्नल, माझं मशीन, ताईकडे तिसरी. तिन्हीचे शा256 (तोही एक चेकसम) जुळवले.

2 नोव्हेंबर, पाडवा, सातारा

लॅपटॉपमध्ये नवीन एसएसडी टाकली, विंडोज कोरं, जुनी डिस्क नको म्हटलं, तिच्यावर आता विश्वास नाही. फास्ट स्टार्टअप बंद केलं. नवीन बॅटरी पण. जुनी डिस्क पाकिटात घालून वर लिहिलं, "फोटो, फॉरमॅट करू नये", आईच्या कपाटात.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

ओवाळून झाल्यावर बाबांनी अल्बम दिला. 112 फोटो छापलेत. आत्या एकेक पान बघत होती, मधेच कुणाचं नाव विचारलं तर सांगत होती, त्यातली बरीच मला माहीतच नव्हती, मी फोनमध्ये लिहून घेतली, ती फोटोंच्या माहितीत टाकायची आहेत.

अर्धा राखाडी फोटो मी अल्बममध्ये मुद्दाम घेतला होता, वरचा भाग तेवढा. आत्याने तो बघितला आणि म्हणाली, हा माझ्याकडे आहे की, तुझ्या बाबांनीच त्या दिवाळीला धुऊन पाठवला होता, ट्रंकेत असेल. पुढच्या रविवारी जाऊन आणतो, 600 डीपीआयला स्कॅन.